काणकोणच्या किनाऱ्यावर शिलारसाच्या थिजलेल्या वाटा कशा वाचायच्या

गोव्यात ज्वालामुखी नाही. तरी शिलारस जमिनीखाली कसा चालतो आणि कुठे मुक्काम करतो हे शिकायला पाळोळेच्या दक्षिण टोकापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. जिवंत ज्वालामुखीच्या पोटात कुणाला डोकावता येत नाही. इथे पोटच उघडं पडलंय. वरचे खडक कोट्यवधी वर्षांच्या पावसाने झिजवून नेले आणि ज्या भेगांतून तापलेला रस चढत होता त्या भेगा, आतल्या रसासकट थिजलेल्या, आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आल्या.

हा लेख अगदी नव्या माणसासाठी आहे. एक संध्याकाळ आणि पुढची सकाळ स्वयंपाकघरात, आणि आणखी एक सकाळ किनाऱ्यावर, एवढा वेळ काढा. शब्दांचं आधीच सांगून टाकतो. मॅग्माला, म्हणजे जमिनीखाली वितळलेल्या खडकाला, मी शिलारस म्हणणार आहे. तोच जमिनीवर आला की लाव्हा. उभ्या भेगेत थिजलेल्या शिलारसाच्या भिंतीला डाइक म्हणतात आणि थरांच्या मधे आडव्या पसरलेल्या चादरीला सिल. मराठी ग्रंथांत भित्ती आणि शिलापट्ट असे शब्द सापडतील. ते चांगले आहेत, पण खडकावर उभं राहून मी ते कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

पहिली पायरी: डोक्यातलं चित्र पुसून टाका

बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: वर जमिनीचं पातळ कवच, खाली लाल उकळता समुद्र. कवच कुठे तडकलं की समुद्र वर उसळतो. हे चित्र चुकीचं आहे आणि ते पुसल्याशिवाय पुढचं काहीच नीट बसत नाही.

भूकंपाच्या लहरींत एक प्रकार असा असतो की तो द्रवातून जाऊच शकत नाही. त्या आडव्या हेलकाव्याच्या लहरी कवचातून जातात आणि त्याखालच्या प्रावरणातूनही जातात. म्हणजे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पृथ्वी जवळजवळ सगळी घन आहे. त्याखाली वितळलेला गाभा आहे खरा, पण तो लोखंडाचा. तो ज्वालामुखीतून वर येत नाही.

मग शिलारस येतो कुठून? प्रावरणाचा खडक भयंकर तापलेला असतो, पण वरच्या ओझ्यामुळे वितळू शकत नाही. दर किलोमीटर खोलीला सुमारे २७० वातावरणांइतका दाब वाढतो. हा खडक काही कारणाने वर सरकू लागला, दाब कमी झाला, की त्याचा थोडा भाग वितळतो. दुसरीकडे, समुद्रतळाचा तुकडा खंडाखाली बुडतो तिथे खडकात पाणी मिसळतं आणि वितळायचं तापमानच उतरतं. दोन्ही ठिकाणी सगळा खडक वितळत नाही. कणाकणांच्या मधे रस सुटतो, ओल्या वाळूत पाणी असावं तसा. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून वर निघतो.

हे मनात बसलं की प्रश्न उलटा होतो. जमिनीखाली एवढा रस असताना तो सारखा बाहेर का येत नाही, याऐवजी घट्ट खडकाच्या तीस-चाळीस किलोमीटर जाड कवचातून तो वर येतोच कसा, हे विचारावंसं वाटतं. खरं तर बहुतेक रस येतच नाही. वाटेत थांबतो, थिजतो आणि तिथेच राहतो.

दुसरी पायरी: पेज वाढून घ्या

आता मुक्कामाचं बघू. त्यासाठी उकड्या तांदळाची पेज लागेल. गंमत करत नाही.

चुलीवरून उतरवलेली पातळ पेज सळसळून वाहते. तासाभराने बघा: शितं खाली बसलेली, वर निवळ. ढवळल्याशिवाय ताटलीत ओतायला गेलात तर निवळ आधी येते आणि शितांचा गोळा भांड्यालाच चिकटून राहतो. कवचात साठलेला शिलारस बहुतांश काळ असाच असतो. तापमान उतरू लागलं की त्यात स्फटिक तयार होतात. एकेक खनिज आपापल्या तापमानाला बाहेर पडतं. स्फटिकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं की ते एकमेकांना अडकतात आणि सगळा साठा जागच्या जागी जखडतो. द्रव अजून असतो, पण शितांच्या सापटीत. असा साठा स्वतःहून वाहत नाही.

पूर्वीच्या पुस्तकांत ‘मॅग्मा चेंबर’ म्हणजे रसाने भरलेली एक मोठी गोल टाकी काढलेली असे. ते चित्र आता मागे पडलंय. २०१७ साली कॅथरीन कॅशमन, स्टीफन स्पार्क्स आणि जॉन ब्लंडी यांनी ‘सायन्स’मध्ये त्याची नवी मांडणी केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रावरणाच्या सीमेपासून वरपर्यंत, कवचाची जवळजवळ सगळी जाडी व्यापणारा, घट्ट पेजेचा उभा पसारा असतो. त्यात जागोजागी निवळीचे छोटे थर साठतात आणि कधीकधी ते एकत्र येतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनखाली ‘महाज्वालामुखी’ म्हणून जे काही आहे, त्याच्या वरच्या साठ्यात २०२२च्या अभ्यासानुसार द्रवाचं प्रमाण १६ ते २० टक्के निघालं. बाकी सगळे स्फटिक.

अर्थात निवळीचे थर असतात आणि कधीकधी ते अनपेक्षित ठिकाणी भेटतात. २००९ साली आइसलँडमधल्या क्राफ्ला इथे भू-औष्णिक विजेसाठी खोल विहीर खोदत होते. जेमतेम २.१ किलोमीटरवर ड्रिल थेट सुमारे ९०० अंशांच्या शिलारसात घुसलं. तो तिथे असल्याचा पत्ता कुठल्याच आधीच्या मोजणीत लागला नव्हता. जगातल्या सगळ्यात जास्त तपासलेल्या ज्वालामुखींपैकी एकाच्या खाली ही स्थिती असेल, तर भूगर्भाचे रंगीत छेद बघताना थोडा संशय ठेवलेला बरा.

जखडलेली पेज पुन्हा हलते कशी? खालून ताजा, जास्त गरम रस आला की. तो शितं विरघळवतो, वायू सोडतो, दाब वाढवतो. फिलिपिन्समधला पिनाटुबो १५ जून १९९१ रोजी फुटला. त्याच्या आधी, वर साठलेल्या घट्ट शिलारसात खालून बेसाल्टचा, म्हणजे थिजल्यावर काळा खडक होणारा पातळ, गरम रस शिरला होता. राखेत दोन्हींची मिसळ सापडली. आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी. खोलवर दाबाखाली शिलारसात काही टक्के पाणी विरघळलेलं असतं. दाब उतरला की त्याचे बुडबुडे होतात आणि रसाचं आकारमान फुगतं. पातळ बेसाल्टमधून हे बुडबुडे निसटून जातात. ऱ्हायोलाइटमध्ये, म्हणजे ग्रॅनाइटच्याच जातीच्या घट्ट रसात, अडकतात, आणि मग स्फोट होतो.

घट्टपणातला फरक जेवणाच्या भांड्यांत मावणारा नाही. बेसाल्टचा रस ११०० ते १२०० अंशांना साधारण मधासारखा किंवा त्याहून थोडा दाट वाहतो. ऱ्हायोलाइट त्याच्या लाखो पट दाट असतो, उतरत आलेल्या दोदोलासारखा (गोव्याचं घट्ट आटवलेलं पक्वान्न), ढवळणाऱ्याचे खांदे काढणारा.

तिसरी पायरी: जेलीचा प्रयोग

किनाऱ्यावर जाण्याआधी हा प्रयोग करून बघाच. लेखातला हा एक भाग वगळून पुढे गेलात तर डाइक तुम्हाला नुसता काळा पट्टा दिसेल.

साहित्य: बिनवासाचं जिलेटिन, पारदर्शक आणि थोडा लवचिक प्लास्टिकचा चौकोनी डबा, औषधाच्या दुकानातली सिरिंज सुईसह, रंगीत पाणी, गोडं तेल. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे ज्या घरात चतुर्थीचा शिवराक (शाकाहारी) बेत शिजतोय तिथे त्या आठवड्यात हा खटाटोप करू नका. अगर-अगर वापरता येतं, पण ते ठिसूळ असतं आणि भेग वेडीवाकडी जाते.

पाकिटावर लिहिलंय त्याच्या दीडपट घट्ट जेली लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी डब्याच्या बाजूला, तळाजवळ, सुई टोचा. भोवती मेण लावून फट बंद करा आणि रंगीत पाणी अगदी हळूहळू सोडा. नवीन माणसाची अपेक्षा असते की पाणी गोल फुग्यासारखं साठेल किंवा नळीसारखं वर जाईल. तसं होत नाही. एक पातळ पातं तयार होतं. समोरून बघितलं तर पानासारखं रुंद, कडेवरून बघितलं तर जवळपास रेघ. डाइक म्हणजे हेच. तापलेला रस घन खडकात वाट काढतो तेव्हा बोगदा खणत नाही, खडक फाडतो. पात्याच्या टोकाशी ताण एकवटतो, खडक तिथे तडकतो आणि रस मागून शिरतो.

आता दुसऱ्या जेलीत पाण्याऐवजी तेल सोडा. दाबणं थांबवलं तरी तेलाचं पातं आपोआप वर सरकत राहील, कारण ते जेलीपेक्षा हलकं आहे. खालची भेग त्याच्या मागे मिटत जाते.

तिसरी जेली मला सगळ्यात आवडते. डबा दोन समोरासमोरच्या बाजूंनी दोन फळ्यांत धरून हलकेच दाबा. उरलेल्या दोन बाजू थोड्या फुगू द्या. मग पाणी सोडा. वरून बघितलं तर भेगेची रेघ ज्या दिशेने तुम्ही दाबताय त्याच दिशेने लांब होते आणि तिला आडव्या दिशेने, जिकडे दाब कमी आहे तिकडे, उघडते. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ अर्नेस्ट अँडरसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेला नियम हाच: ज्या दिशेला दाब सगळ्यात कमी, त्या दिशेला भेग उघडते. म्हणून डाइकची दिशा मोजली की त्या काळी जमीन कुठल्या दिशेने ताणली जात होती ते कळतं. होकायंत्राचा खर्च एवढ्याने वसूल होतो.

धीर उरला असेल तर खाली मऊ आणि वर घट्ट असे दोन थर लावा. खालून चढणारं पाणी घट्ट थराला अडतं आणि सांध्यातून आडवं पसरतं. ही सिल. शिलारसाचे बरेच साठे असेच, एकावर एक सिली जमत जाऊन, वाढतात असं आता मानलं जातं. रस पुढे येत राहिला तर वरचे थर उचलून घुमटासारखा फुगवटाही होतो. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या हेन्री पर्वतरांगेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी तो ओळखला आणि १८७७ साली लिहून ठेवला.

जेली साफ करताना एक गोष्ट लक्षात येईल: पातं वरच गेलं असं नाही, बाजूलाही गेलं. खऱ्या जमिनीतही असंच होतं. २०१४च्या ऑगस्टमध्ये आइसलँडच्या बार्दारबुंगा ज्वालामुखीखालून निघालेला डाइक दोन आठवड्यांत सुमारे ४८ किलोमीटर आडवा गेला आणि मग होलुह्राउनच्या मैदानात फुटला. १० नोव्हेंबर २०२३ला ग्रिंडाविक गावाखाली तर सुमारे १५ किलोमीटर लांबीचा डाइक काही तासांत घुसला. सुमारे ३,८०० लोकांनी त्या रात्री गाव सोडलं. लाव्हा बाहेर आला तो महिन्याभराने, १८ डिसेंबरला. भूकंपमापकावर धक्क्यांची रांग सरकताना दिसते आणि उपग्रहाच्या रडारवर जमीन दोन्ही बाजूंना ढकललेली दिसते. एवढ्यावरून हे सगळं कळलं.

चौथी पायरी: सुकती बघून निघा

गोव्यातला बराचसा मूळ खडक चिऱ्याखाली, म्हणजे जांभ्याखाली, दडलाय. आपल्या पावसात खडक कुजून त्याचा चिरा बनतो, आणि घरं बांधायला तो कितीही उत्तम असला तरी त्यात मूळ खडकाचं रूप उरत नाही. ताजा खडक बघायचा तर नदीचं पात्र, दगडाची खाण किंवा समुद्राने धुतलेलं टोक. खाणीत परवानगी लागते. म्हणून किनारा.

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडा, कारण तेव्हा पाणी जास्त आत ओढतं. सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या, दीड तास आधी पोचा. पाणी सगळ्यात खाली असतं ते क्षण थोडे असतात, आणि भरती लागली की खडकावरून परतायची वाट मागून बंद होते. पावसाळ्यात अजिबात नको. शेवाळ्यावरून घसरणाऱ्या चपला घरी ठेवा.

सोबत दहापट दाखवणारं हातभिंग, मापपट्टी, पेन्सिल, वही आणि होकायंत्र. मोबाइलचं होकायंत्र चालतं, पण मोबाइलच्या कव्हरला चुंबक असेल तर काढून ठेवा. डाइकच्या खडकात चुंबकीय लोहखनिज असतं, त्यामुळे होकायंत्र थेट दगडावर टेकवू नका. कमरेइतकं वर धरा आणि दोन जागी मोजा. हातोडा आणू नका. समुद्राने लाखो लाटांनी घासून जी कड स्वच्छ केलीय ती तुमच्या एका घावाने बिघडते आणि पुढच्या माणसाला काही दिसत नाही.

पाळोळेच्या दक्षिण टोकावरून कोळंबकडे आणि पुढे पाटण्याकडे जाताना मोठमोठे फिकट राखाडी गोटे आणि सपाट खडक लागतात. हा काणकोणचा ग्रॅनाइट, सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. त्याला चिरत गेलेले काळे पट्टे शोधायचे.

पहिल्या फेरीत मी स्वतः काय केलं ते सांगतो. बरोबर चार मित्र होते. मी एका काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून दहा मिनिटं डाइकवर बोललो. होडीची दोरी सोडवत एक वयस्क पागी (मच्छीमार) ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बाब, तें डांबर न्ही?” होतं. मे महिन्यात समुद्रातून येणाऱ्या तेलाच्या गोळ्यांचा चिकट थर खडकाच्या खाचेत वाळला होता. तेव्हापासून नियम: आधी नखाने खरवडा.

पाचवी पायरी: कड, रुंदी, जुळणी

खरा डाइक सापडला की मध्यभागी उभं राहून फोटो काढू नका. कडेला बसा.

ग्रॅनाइट संपतो आणि काळा खडक सुरू होतो ती रेघ बऱ्याचदा सुरीने कापल्यासारखी असते. भिंग लावून कडेपासून आत हाताच्या बोटाएवढं अंतर बघा. तिथले कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. मग हळूहळू मधे सरका. रुंद डाइक असेल तर मध्यात कण मोठे होतात, फेल्डस्पार या खनिजाच्या पांढरट काड्या ओळखू येतात. याचा अर्थ, रस आला तेव्हा ग्रॅनाइट थंड होता. कडेचा रस भिंतीला लागताच थिजला, मधल्याला वेळ मिळाला. दुधाच्या खिरीवर साय आधी कडेला धरते, तसंच. या कडेच्या बारीक पट्टीवरून डाइक ग्रॅनाइटपेक्षा तरुण आहे हे दोनदा सिद्ध होतं: एकदा त्याने ग्रॅनाइटला कापलं म्हणून, आणि एकदा त्याला थंड भिंत मिळाली म्हणून.

मग रुंदी मोजा, कडेला काटकोनात. या आकड्यावरून एक मजेदार हिशोब निघतो. उष्णता खडकातून फार सावकाश सरकते. अर्ध्या रुंदीचा वर्ग करून तो उष्णता पसरण्याच्या दराने भागला की थिजण्याचा अंदाज येतो. दोन मीटरच्या डाइकला साधारण बारा दिवस. वीस मीटरच्या डाइकला तीनेक वर्षं. एक किलोमीटर जाडीच्या साठ्याला आठ हजार वर्षांच्या घरात. हे आकडे अंदाजी आहेत, पण त्यांतला फरक खरा आहे. पातळ वाटेतून जायचं तर रसाला घाईच करावी लागते, नाहीतर वाटच बुजते. मुक्कामाला मात्र हजारो वर्षं मिळतात. शिलारसाचं आयुष्य बहुतेक सगळं मुक्कामात जातं, आणि प्रवास दिवसांत उरकतो.

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवखे नेमकं हेच सोडतात. डाइकच्या दोन्ही कडा जुळतात का ते बघा. डाव्या कडेला एखादा कोपरा बाहेर आलेला असेल तर उजव्या कडेला समोरच तसाच खाचा मिळतो, फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे जुळावेत तसा. ग्रॅनाइटमध्ये पांढऱ्या गारेची शीर असेल आणि डाइकने ती तोडली असेल, तर तिचं दुसरं टोक पलीकडे शोधा. सापडलं, की भिंती दोन्हीकडे सरकल्या एवढाच अर्थ. रसाने ग्रॅनाइट वितळवून जागा केली असती तर मधला तुकडा नाहीसा झाला असता आणि कडा जुळल्या नसत्या. दोन्ही टोकं जोडणारी रेघ वहीत काढा. भेग नेमकी कुठल्या दिशेने उघडली ते त्या रेघेवरून दिसतं.

आणखी काय दिसू शकतं ते पटकन सांगतो. डाइक अचानक संपतो आणि थोडा बाजूला सरकून पुन्हा सुरू होतो: भेग तुकड्यातुकड्यांनी वर चढली, आणि तुम्ही तुकड्यांमधल्या सांध्यावर उभे आहात. काळ्या खडकात ग्रॅनाइटचा फिकट तुकडा अडकलेला: वाटेत भिंतीतून सुटलेला. मधोमध बारीक छिद्रांची रांग: वायूचे बुडबुडे. कडेला काटकोनात, सरपणाची मोळी रचून ठेवल्यासारखे आडवे खांब: थिजताना पडलेल्या चिरा. थंडी नेहमी भिंतीकडून आत सरकते, म्हणून डाइकचे खांब आडवे पडतात. मालपेजवळच्या सेंट मेरी बेटावरचे प्रसिद्ध खांब उभे आहेत. तो सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा वेगळाच रस, डेक्कनच्या, म्हणजे सह्याद्रीभर पसरलेल्या लाव्हाच्या, आधीचा.

वय रंगावरून सांगू नका. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या काही डाइकांचं वय आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) मोजलं गेलं आणि २००० साली प्रसिद्ध झालेला आकडा सुमारे ६ कोटी २८ लाख वर्षं आला. डेक्कनच्या लाव्हाचा मुख्य भर ६ कोटी ६० लाखांच्या आसपासचा, म्हणजे हे डाइक त्याच्याही नंतरचे. पण गोव्यात याहून कितीतरी जुने डाइकही आहेत. ते पुढे तापून-दाबून बदलले, थोडे हिरवट झाले, आणि ऊन पडलं की तेही काळेच दिसतात.

सहावी पायरी: आता ग्रॅनाइटकडे वळा

काळ्या पट्ट्यात रमलात की ज्या फिकट खडकावर बसलाय तो विसरता. तो स्वतः एक मुक्काम आहे. पेज इथेच थिजली.

त्यात फेल्डस्पारचे मोठे, चौकोनी कडांचे स्फटिक दिसतील, काही बोटाच्या पेराएवढे. आजूबाजूचे कण त्यामानाने बारीक. एवढे मोठे स्फटिक घाईत वाढत नाहीत. काही ठिकाणी ते एका दिशेने लवंडलेले सापडतात, ओढ्यात काटक्या लागाव्यात तसे: पेज जखडण्याआधी शेवटची हलली तेव्हाचा प्रवाह. त्यांची दिशा वहीत घ्या. काळसर, कडा विरलेले गोळे दिसले तर तिथे थांबा. बऱ्याचदा ते नंतर आलेल्या गरम, काळ्या रसाचे थेंब असतात, पेजेत पडून पूर्ण न मिसळलेले.

एवढ्या ग्रॅनाइटला जागा कुठून मिळाली, हा प्रश्न दीडशे वर्षं भांडणाचा आहे. छताचे तुकडे तोडून खाली बुडवत रस वर चढला, असं एक मत. भेगांतून थोडा थोडा येऊन पसरत गेला, असं दुसरं. मला दुसरं जास्त पटतं. पण पाळोळेच्या खडकावर उभं राहून ते सिद्ध करता येणार नाही.

सातवी पायरी: बाकीची ठिकाणं, धावतं

बोंडला-उसगाव भागात मुक्कामाचा आणखी एक नमुना आहे: गॅब्रो आणि पेरिडोटाइट हे गडद, जड खडक आणि क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज यांचे थर. जड खनिजं आधी तयार होऊन तळाशी बसली. शितं खाली, निवळ वर. भाग अभयारण्याचा आहे, तिथून खडा उचलू नका.

डेक्कनचा लाव्हा बघायला सत्तरीत जा. गोव्याच्या ईशान्य कडेला, चोर्ला घाटाच्या बाजूला, त्याची किनार येते. तिथून वर सह्याद्रीभर तो पसरलाय. घाटमाथ्यावर नाशिक-इगतपुरी बाजूला गेलात तर बोटभर फेल्डस्पारचे स्फटिक असलेला बेसाल्ट बघा. तो रस वर येण्याआधी खाली बराच काळ थांबला होता, आणि ते स्फटिक त्या थांबण्याची पावती आहेत. बुशे नावाच्या थरातल्या लाव्हात तर कवचातल्या ग्रॅनाइटी खडकाचा अंश रासायनिक तपासणीत भरपूर सापडतो. वाटेत ज्या घरी उतरला, तिथलं खाऊन निघाला.

मला दर वेळी विचारले जाणारे दोन प्रश्न इथेच उरकतो. कोयनेचे भूकंप शिलारसाचे का? नाही, ते धरणाच्या पाण्याशी जोडलेले आहेत. पण तिथे भूकंप अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. पाळोळेला आपण उन्हात ज्यावर बसतो, तशाच जुन्या खडकांवर डेक्कन बसलाय. आणि राजापूरच्या उन्हाळ्याचं, म्हणजे तिथल्या झऱ्याचं, गरम पाणी? तेही शिलारसाचं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं.

शेवटचं काम: बेरीज

वहीत आतापर्यंत कड, रुंदी, दिशा आणि जुळणी जमली असेल. आता डाइकांना आडवी जाणारी एक सरळ रेघ निवडा, वाळूने झाकलेली नसलेली, आणि तिच्यावर लागणारा प्रत्येक डाइक मोजा. सगळ्या रुंदींची बेरीज करा. समजा शंभर मीटरच्या रेघेत डाइक मिळून चार मीटर भरले. म्हणजे मूळच्या ९६ मीटर ग्रॅनाइटचे १०० झाले, जमीन चार टक्क्यांहून थोडी जास्त ताणली गेली. मग दिशा बघा. महाराष्ट्राच्या कोकणातले बरेच डाइक किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण आहेत, आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यातले पूर्व-पश्चिम. उत्तर-दक्षिण डाइक म्हणजे पूर्व-पश्चिम ताण. सुमारे सहा कोटी तीस लाख वर्षांपूर्वी, याच सुमाराला, आजचं सेशेल्स भारताच्या पश्चिम कडेपासून सुटत होतं.

तुमचा आकडा वेगळा आला, दिशा तिरकी आली, तरी खोडू नका. तारीख, सुकतीची वेळ आणि रेघेची दोन्ही टोकं कुठल्या खडकावर होती ते लिहून ठेवा. पुढच्या अमावास्येला तीच रेघ उलट बाजूने मोजायची आहे.